सही करण्याआधी

निकाल लागतो, गुलाल उधळून होतो, हार-नारळ होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आत ओट्यावर माणसं येऊन बसतात. एकाला रहिवासी दाखला हवा असतो. एकाच्या वस्तीवरचा खांबावरचा दिवा गेलेला असतो. शेजाऱ्याने गटारीवर पायरी बांधली म्हणून कुणी तावातावाने आलेलं असतं. एक जण मात्र काहीच न बोलता कोपऱ्यात बसून राहतो, कारण प्रचारात त्याला शब्द दिलेला असतो आणि तो सगळ्यांसमोर काढता येत नाही. नव्या सरपंचाला प्रशिक्षणात योजनांची माहिती मिळते, नमुना नंबर आठ म्हणजे काय तेही कळतं. पण होय कधी म्हणायचं, नाही कसं म्हणायचं आणि थांबायचं कधी, हे ज्याचं त्याने ठेच लागत लागत शिकायचं अशी आपल्याकडे रीत आहे. त्याची किंमत मात्र गाव मोजतं.

हा लेख पहिल्यांदाच सरपंच झालेल्या ताई-दादांसाठी आहे. विकास सोसायटीचे नवे अध्यक्ष, ग्रामसंघाच्या नव्या अध्यक्षा, शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून आलेले पालक, यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. मला सांगायचं आहे ते एवढंच, की कुठला निर्णय आपला आणि कुठला गावाचा, हे ज्याला ओळखता येतं तोच पदावर असताना वाढतो. बाकीच्यांची नुसती पाच वर्षं सरतात.

बहुतेक ठिकाणी उलटं चालतं. खांबावरचा दिवा बदलायला मासिक सभेची वाट बघितली जाते, आणि तीस वर्षं चालायच्या नळपाणी योजनेवर पारावर दोघा-तिघांशी बोलून सही होते. दिवा आजच बदला. तो तुमचा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा विषय आहे, उद्या चूक निघाली तर उद्या दुरुस्त होईल. योजनेचं तसं नाही. विहीर चुकीच्या जागी खोदली गेली की ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

म्हणून कुठलाही कागद पुढे आला की आधी स्वतःला विचारा, हा निर्णय महिन्याभरात फिरवता येईल का? येत असेल तर घेऊन टाका, घोळ घालू नका. लोकांना लहान कामात वेळ लागला की राग येतो, आणि तो राग रास्तच असतो. फिरवता येणार नसेल तर दुसरा प्रश्न विचारायचा. याचा भार कुणावर पडणार? पैशाचा, कष्टाचा, जमिनीचा, सवय मोडण्याचा भार ज्या घरांवर पडणार आहे, ती घरं निर्णयाच्या वेळी समोर बसलेली असली पाहिजेत. हे लोकशाहीचं सुभाषित म्हणून सांगत नाही. त्या घरांना विचारलं नाही, तर तेच लोक पुढे पाणीपट्टी भरत नाहीत, पाइप फोडतात, कोर्टात जातात, आणि पदावरचा माणूस मग उरलेली वर्षं भांडणं मिटवण्यात घालवतो.

पाणी येण्याआधी वाटणी

1972 च्या दुष्काळानंतर पुण्याचे अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावात गेले आणि तिथून पाणी पंचायतीचं काम उभं राहिलं. त्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक गोष्ट. पाण्याच्या वाटपाचे नियम योजनेतच बांधलेले होते. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर मिळणार, माणशी अर्धा एकर आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा. उसासारखं बारमाही पीक घ्यायचं नाही. खर्चात प्रत्येकाने आपला हिस्सा घालायचा. पाणी एकदा पाटात आलं, की ज्याची जमीन वरच्या अंगाला तो ते आधी अडवतो, आणि मग अर्ध्या एकराचा नियम सांगायला कुणी धजावत नाही. पाणी अजून यायचं असतं तेव्हा सगळे सारखेच कोरडे असतात. न्याय्य नियम तेव्हाच ठरू शकतो.

हे तुमच्या कुठल्याही कामाला लावून बघा. व्यायामशाळा बांधायची आहे, तर चावी कुणाकडे राहणार हे पाया खणण्याआधी ठरवा. समाजमंदिराचं भाडं कुणाला किती, हे उद्घाटनाआधी लिहून काढा. ट्रॅक्टर, भांडी, मंडप, टँकर, ज्या ज्या गोष्टी सगळ्यांच्या म्हणून येतात त्या वर्षभरात दोन-चार घरांच्या होऊन बसतात, कारण नियम ठरवायला सवड नंतर मिळेल असं सगळ्यांना वाटत असतं.

हिवरे बाजारचं नाव सरपंच मंडळी फार ऐकतात. बस करून तिथे जातात, झाडं बघतात, फोटो काढतात. नगर तालुक्यातलं हे अवर्षणग्रस्त गाव. सरकारी नोकरांची तिथली बदली म्हणजे शिक्षा समजली जायची. एम. कॉम. झालेले पोपटराव पवार 1989 च्या सुमारास तिथे बिनविरोध सरपंच झाले. 1994 मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री पाळण्याचं गावाने ठरवलं. पुढे शेतीच्या सिंचनासाठी विंधन विहिरी घ्यायच्या नाहीत, ऊस आणि केळी लावायची नाही, जमीन बाहेरच्यांना विकायची नाही, असेही निर्णय झाले. पाहुण्यांना बांध दिसतात. बांधाला निधी मिळतो आणि यंत्र लावलं की तो होतो. विंधन विहीर न घेण्याचा निर्णय मात्र ज्याच्या खिशात बोअर मारायचे पैसे आहेत त्याच्या हाताला आवर घालणारा आहे. असा निर्णय सरपंचाच्या सहीने एक दिवसही टिकला नसता. तो ग्रामसभेचा होता म्हणून टिकला.

तिथला पाण्याचा ताळेबंदही असाच आहे. पाऊस मोजायचा, विहिरींच्या पातळ्या घ्यायच्या, आणि माणसं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढून उरलेल्यात यंदा काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. हे गणित चौथी-पाचवीच्या मुलांना करता येतं आणि शाळेतल्या मुलांकडूनच ते फळ्यावर करून घ्यावं. आकडा भिंतीवर आला की वाद माणसांवरून पाण्यावर येतो. पुढारी म्हणून वाढायचं तर अशी साधी गणितं स्वतः करता आली पाहिजेत. दुसऱ्याने काढून दिलेल्या आकड्यावर सही करणारा माणूस जन्मभर दुसऱ्यावरच अवलंबून राहतो.

एकाचा नकार

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे जेमतेम शंभर घरांचं गोंड आदिवासी गाव. तिथे देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारातून निर्णयाची एक पद्धत रुजली. बहुमताने हात वर करून विषय संपवायचा नाही, सर्वसहमती होईपर्यंत थांबायचं. एकाचाही मनापासून विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा. सोबत अभ्यासगट. ज्या विषयाची माहिती नाही त्यावर आधी बसून अभ्यास करायचा, बाहेरच्या जाणकारांनाही बोलवायचं, पण जाणकाराने माहिती द्यायची, निर्णय गावाचा. याच वाटेने गावाला 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी झगडावं लागलं, आणि एप्रिल 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. 2013 मध्ये गाव ग्रामदानीही झालं, म्हणजे खातेदारांनी आपल्या जमिनी ग्रामसभेच्या नावे केल्या. घाईने हात वर करायची सवय असती तर हे घडलं नसतं.

यावर प्रशिक्षणवर्गात हमखास प्रश्न येतो, की आमच्याकडे दोन पार्ट्या आहेत, पाच हजार लोकवस्ती आहे, आमच्यात सर्वसहमती कशी व्हायची? प्रश्न खरा आहे. प्रत्येक गटारीसाठी सर्वसहमती मागाल तर एकही गटार होणार नाही. म्हणूनच निर्णयांची निवड लागते. पाच वर्षांत असे चार-पाचच विषय निघतील, ज्यांना सगळ्या गावाची संमती लागते: पाण्याचा स्रोत, गायरान, स्मशानभूमीची जागा, दारू, एखादी जुनी रूढी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन केलं. अशा विषयात पदावरच्या माणसाने एकट्याने पुढे जाऊन चालत नाही. घराघरांत बदलायची गोष्ट घराघरांनीच मान्य करावी लागते.

तेव्हा त्या चार-पाच विषयांसाठी वेळ राखून ठेवा. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल ती असते, आणि ती न भरल्याने तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही. ही पळवाट सगळ्यांना ठाऊक आहे. सभा तहकूब करायची, पुढच्या तारखेला पंधरा माणसांत विषय मंजूर करायचा. कायद्यात बसतं म्हणून मोठा निर्णय असा घेऊ नका. कमी माणसं आली तर विषय वस्तीवर घेऊन जा. महिलांची सभा आधी घ्या आणि ती खरी घ्या, सह्यांपुरती नको. पाण्याच्या वेळा, शौचालयाची जागा, दारूचं दुकान यांबद्दल बायका जे सांगतात ते मुख्य सभेत पुरुषांच्या आवाजात बुडून जातं.

ठराव कसा लिहायचा

इथे जरा थांबतो, कारण निर्णय खरा कसाला लागतो तो लिहिताना. प्रोसिडिंग बुकात साधारण असा ठराव सापडतो: ‘गावात पाणीटंचाई असल्याने नवीन नळपाणी योजना राबवण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात येत आहे.’ खाली सूचक, अनुमोदक, सह्या. यात काय ठरलं? काहीच नाही. ठेकेदाराला रान मोकळं झालं, एवढंच.

समजा गाव दोन हजार वस्तीचं आहे, घरं चारशे. जल जीवन मिशनच्या निकषाने माणशी रोज 55 लिटर धरले तर रोज एक लाख दहा हजार लिटर पाणी लागेल. ठरलेल्या विहिरीला मे महिन्यात एवढं पाणी असतं का? कुणी मोजलं, कुठल्या वर्षी? पाच एचपीचा पंप रोज सहा तास चालला तर दिवसाला साधारण 22 युनिट, महिन्याला पावणेसातशेच्या आसपास. हे बिल कोण भरणार? बिल, व्हॉल्व्ह सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार, टीसीएल पावडर, वर्षातून एकदा तरी जळणारी मोटार, हे सगळं चारशे घरांत विभागलं की एका घराची पाणीपट्टी निघते. तो आकडा योजना मंजूर होण्याआधी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. लोक कुरकुर करतील. करू द्या. वीजबिल थकल्याने बंद पडलेल्या योजनांच्या टाक्या महाराष्ट्रात जागोजागी उभ्या आहेत. त्यांच्याही ठरावांवर ‘सर्वानुमते’ असंच लिहिलेलं असणार.

म्हणून ठरावात काम कुठे, स्रोत कोणता, दरमहा खर्च किती, तो कुठून, थकबाकीदाराचं काय करायचं, आणि या निर्णयाचा फेरविचार कुठल्या महिन्यातल्या सभेत, एवढं तरी यायलाच हवं. विरोध करणाऱ्याचं म्हणणंही त्याच्या शब्दांत नोंदवा. मतभेद असताना ‘सर्वानुमते’ लिहिणं म्हणजे गावाच्या कागदावर खोटं लिहिणं आहे. थकबाकीबद्दल सांगायचं तर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोद्याने भास्करराव पेरे पाटलांच्या काळात कर भरणाऱ्यांना दळण मोफत करून दिलं. लोकांना कराचा मोबदला डोळ्यांसमोर दिसला. तुमच्याकडे कदाचित वेगळं काही चालेल, पण वसुलीचा विचार योजनेबरोबरच व्हायला हवा.

ठरावाला हात वर होण्याआधी आणखी अर्धा तास द्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी 2007 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये एक युक्ती मांडली होती, ती ग्रामपंचायतीत उत्तम चालेल. सगळ्यांना सांगायचं, समजा दोन वर्षं गेली आणि ही योजना साफ फसली. आता प्रत्येकाने सांगा, का फसली? ‘काही अडचण येईल का?’ असं विचारलं तर सगळे मान हलवून ‘नाही’ म्हणतात, कारण सरपंचाला आडवं जायचं नसतं. फसलीच आहे असं धरून चाललं की बोलायला वाट मिळते. शिपाई सांगतो की त्या रस्त्याने ट्रक जातात, पाइप तीन फूट खाली नसेल तर फुटणार. एखादी आजी सांगते की ती विहीर बहात्तरला आटली होती. या दोन वाक्यांनी लाखो रुपये वाचतात.

घाई हा वेगळाच शत्रू आहे. मार्चअखेर फोन येतो, ‘आजच ठराव पाठवा, नाहीतर निधी परत जाईल.’ तेव्हा विचार करायला वेळ नसतोच. तो वेळ ऑक्टोबरात काढायचा असतो. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची तयारी सुरू होते, तेव्हाच कामांची क्रमवार यादी आणि अंदाजपत्रकं तयार ठेवा. कुठला पैसा कशाला चालतो हेही पाठ हवं. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातल्या निधीत 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती. हे ठाऊक नसलेला सरपंच त्या पैशातून पेव्हर ब्लॉकचं आश्वासन देऊन बसतो.

क्रमवार यादी भिंतीवर लावलेली असली की नकारही सोपा होतो. ‘बघू’, ‘करू’ म्हणून माणसाला सहा महिने खेटे घालायला लावणं हा नकाराचा सगळ्यात वाईट प्रकार. त्यापेक्षा, ‘अण्णा, तुमच्या वस्तीचा रस्ता यंदा होत नाही. यादीत तिसरा नंबर आहे, वरचे दोन का आहेत ते तिथे लिहिलंय. चुकीचं वाटलं तर ग्रामसभेत उठून विचारा, मी उत्तर देईन.’ अण्णा रागावून जातील, पण तुमच्या शब्दावर त्यांचा भरवसा बसेल.

आता तुमच्या आजूबाजूच्या माणसांबद्दल. राज्यात थेट जनतेतून सरपंच निवडायची पद्धत 2017 मध्ये आली, 2020 मध्ये रद्द झाली आणि 2022 मध्ये परत आली. त्यामुळे सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असं अनेक गावांत झालं आहे. ते सदस्य तुमचं काम अडवतील, खरं आहे. पण तुमच्या निर्णयातली भोकं शोधायला तेवढी मेहनत दुसरं कुणी घेणार नाही. त्यांच्यातला जो सगळ्यात अभ्यासू असेल त्याला सभेच्या आदल्या दिवशी कागद दाखवा. आपल्या पॅनेलची माणसं फक्त ‘बरोबर आहे’ म्हणत असतील तर काळजी करा.

आणि ताई, तुम्ही महिला सरपंच असाल तर हे खास तुमच्यासाठी. 2011 पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांच्या आहेत, तरी अजून कित्येक कार्यालयांत खुर्चीवर पती बसतात आणि सह्यांसाठी रजिस्टर स्वयंपाकघरात येतं. न वाचलेल्या कागदावर सही करू नका. चौकशी झाली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं, पतीला नाही. वाचायला वेळ लागतो म्हणून संकोच नको. ‘ठेवून जा, उद्या सांगते,’ हे वाक्य म्हणायला शिका. रोज दोन तास ठरलेल्या वेळी कार्यालयात बसा. महिन्याभरात लोक तुमच्याकडे बघून बोलायला लागतील. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला प्रश्न विचारायची भीती वाटते, ती विचारूनच जाते.

स्वतःच्या वाढीसाठी मला एकच सवय खात्रीची वाटते. दोनशे पानी वही घ्या. मोठा निर्णय झाला की त्याच रात्री लिहा, काय ठरलं, का ठरलं, काय होईल असं वाटतं, कुणी विरोध केला आणि काय म्हणून. सहा महिन्यांनी ते पान उघडा. आपली आठवण फार लबाड असते, काम जमलं तर ‘मला आधीच ठाऊक होतं’ म्हणते आणि फसलं तर ‘मी सांगत होतो’ म्हणते. वहीला तसं करता येत नाही. वर्षभराच्या नोंदी एकत्र वाचल्या की आपली चाल ध्यानात येते. कुणाच्या घरून जेवून आलो की लगेच होकार देतो, कुणी वरच्या आवाजात बोललं की उगाच अडून बसतो, दलित वस्तीचा विषय दर वेळी पुढच्या सभेवर ढकलतो. हे दुसरं कुणी तोंडावर सांगत नाही. दिसलं की बदलता येतं, आणि पदावरच्या माणसाची वाढ तिथून सुरू होते.

मुदत संपत येते तेव्हाची एक गोष्ट राहिली. आरक्षण फिरतं, पुढच्या वेळी तुमची जागा असेलच असं नाही, आणि नवा सरपंच बहुधा तुमचा विरोधकच असेल. शेवटच्या सहा महिन्यांत पुढच्या पंचायतीचे हात बांधणारे मोठे ठराव घेऊ नका. चार्ज देताना रजिस्टरांची यादी होते. तिच्यासोबत अर्धवट कामं, देणी, कोर्टातली प्रकरणं, आणि लोकांना दिलेले पण न पाळता आलेले शब्द, यांचीही यादी द्या. मग पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला सोबत घेऊन नव्या सरपंचाला विहिरीपासून टाकीपर्यंत चालत न्या, आणि कुठला व्हॉल्व्ह कुठे पुरला आहे ते दाखवा. तेवढं कुठल्याच रजिस्टरात लिहिलेलं नसतं.